सावित्रीबाईची रेवडी

९ ऑगस्ट २००९

आज बुढीनं माझी रेवडी थुंकली. माझ्याच हातावर.

थुंकायच्या आधी बराच वेळ चघळली. या गालातून त्या गालात फिरवली, डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता म्हणते, हीच ती. अन् मग नखाएवढा उरलेला कण माझ्या तळव्यावर काढून म्हणते कशी, "हे काय व? बकरीच्या लेंड्या गुळात घोळल्या काय?"

बुढी म्हणजे माझी सासू, सावित्रीबाई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, दंडारीचं नाच-नाटक होते. आमच्या सौंदडच्या मंडईत लेकरं जिलेबी सोडून सावित्रीबाईच्या टोपलीभोवती जमायची, तिच्या हातच्या मोहाच्या रेवडीसाठी. हे ऐकून ऐकून माझे कान किटले. आता तिनं करणं सोडलं त्यालाही बरीच वर्षं झाली. ओसरीत खाटेवर पडून असते. साखरेची बिमारी, उजव्या पायाचा अंगठा काळा पडून राहिला. गोंदियाच्या डॉक्टरनं आमच्या मालकांना, तिलकरावांना, बजावून सांगितलं की गोड बंद म्हणजे बंद, नाहीतर पाय जाईल.

पण चव पाहणं म्हणजे काही खाणं नव्हे.

झालं असं की नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटाजवळच्या लॉजचा मॅनेजर चुन्नीलाल आमच्या बचत गटात आला होता. शहरातले पाहुणे लहानपणीचा खाऊ मागतात म्हणे, घरी केलेला. "सावित्रीबाईची रेवडी करून द्या, पावसाळा सरून जंगल उघडलं की काउंटरवर ठेवतो," म्हणाला. मी सगळ्यांसमोर म्हणून बसले, "मी करते." बायका हसल्या. प्रेमिला तर म्हणाली, "ओमेश्वरी, तुझी सासू सांगेल तवा ना!"

म्हणून करून राहिले. आणि गटाच्या मॅडमनी काय केलं, काय चुकलं ते लिहून ठेवा म्हटलं, म्हणून लिहून राहिले.

१३ ऑगस्ट

पुन्हा केली. वाळलेली मोहफुलं निवडली, आतले केसर झटकले, उकळून रस गाळला, मधासारखा होईपर्यंत आटवला. त्यात गूळ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून वाटीवर आपटला तर टण् वाजला पाहिजे. वाजला. तुपाच्या परातीत ओतला, चटके खात गोळा केला, भिंतीतल्या खुंटीला अडकवला आणि ओढ, दुमड, पुन्हा ओढ. काळपट गोळा ओढता ओढता सोनेरी होतो, तेवढं मात्र पाहायला छान वाटतं. मग भाजलेल्या तिळात लोळवून तुकडे पाडले. तळहाताला फोड आले.

तिलकरावांना दिली. "मले तं मायच्या हातची लागून राहिली," म्हणाले. पण त्यांच्या जिभेचा काय भरवसा? दिवसभर धानाच्या मिलमध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात, तोंड बधिर झालेलं. गूळ दिला काय अन् माती दिली काय. त्यात वरून जोडलंच, "पण माय म्हणेल ते खरं."

तेच तर. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून या बाईच्या तोंडून माझ्यासाठी एक चांगला शब्द निघाला नाही. भाकर केली तर जाड, भात केला तर गाळ, सारवलं तर पोपडे. चुन्नीलाल गेला उडत. मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे की हीच ती. ते ऐकल्याशिवाय एक तुकडा घराबाहेर जाणार नाही, जिद्द म्हणजे जिद्द.

बुढीनं तुकडा तोंडात टाकला. "एकानं काय समजते? दुसरा दे." दुसरा संपवला. मग म्हणते, "पाक कच्चा राहिला."

टण् वाजला होता! तरी गिळलं. विचारलं, "माय, अजून काय कमी आहे?"

"हे आधी सुधार. मंग सांगीन."

एका खेपेला एकच गोष्ट सांगते. सगळं एकदम सांगायला हिच्या बापाचं काय जाते?

२१ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज सकाळी पोरं नारबोद, रोगराई गावाबाहेर नेणारी बाहुली, घेऊन निघाली, "खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद! ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद!" बुढीही खाटेवरून ओरडली, "अंगठ्याची पीडा घेऊन जा गे नारबोद!"

मी चुलीपाशी होते. हळूच म्हटलं, "अंगठ्यासंगं बुढीले बी घेऊन जा." म्हटल्यावर जीभ चावली. पण हसू आलं ते आलंच.

रेवडीचं आजचं म्हणणं असं की, फुलं रात्रभर अंगणात दवात ठेवायची असतात. आधी काऊन नाही सांगितलं? तर म्हणे, "तू विचारलं काय?"

५ सप्टेंबर

आता खुंटी! आमची खुंटी सागाची आहे, ती चालत नाही, मोहाच्याच लाकडाची पाहिजे. तिलकरावांनी कुरकुर करत कुठून तरी फांदी आणली, तासली, भिंत फोडून ठोकली. भिंतीचा लिंपाचा पोपडा माझ्या पाकात पडला, सगळी परात गेली. पुन्हा चूल पेटवली. रडू आलं होतं, पण हिच्यासमोर रडायचं नाही हे मी फार आधी ठरवलेलं आहे.

नवीन खुंटीची रेवडी बुढीनं वाटीभर खाल्ली. आधी नखाएवढा तुकडा पुरायचा, आता वाटी लागते. दात नाहीत तर चोखून चोखून खाते. खाऊन झाल्यावर बोटं चाटली, साडीला पुसली आणि म्हणाली, "कायले करतं व एवढं? लेकरं नाहीत घरात अन् लेकराईचा खाऊ करून राहिली."

मी वाटी उचलली आणि आत आले.

मला दिवस गेले होते तेव्हा हीच रेवडी खावीशी वाटली होती. पहिलंच होतं, पाचवा महिना. तोंडाला चव नव्हती, नुसती ती रेवडी डोळ्यांसमोर यायची. मागितली तर म्हणाली, "गरमी होते पोटातल्याले." आणि डबा कोठीत ठेवून कुलूप लावलं. त्याच आठवड्यात नणंद आली तर तिच्या पदरात अर्धा डबा ओतला, मी समोर उभी. ते लेकरू काही राहिलं नाही. रेवडी न मिळाल्यानं गेलं असं मी म्हणत नाही, मी काही अडाणी नाही. पण नंतर पुन्हा राहिलंच नाही, आणि या बाईनं त्याचे टोमणे मला जेवणात मिठासारखे रोज वाढले. मला तिचा राग आहे. आहे तर आहे.

१७ सप्टेंबर

बुढीच्या बिछान्याला मुंग्या लागून राहिल्या. खाटेखाली रांगच. जिथं तिचं लघवीचं भांडं ठेवते तिथं तर काळं झालेलं. मी म्हटलं, रेवडीचा चुरा सांडत असेल. झाडून काढलं, हळद टाकली. दुपारी पुन्हा तेवढ्याच.

अंगठ्याला वासही येऊन राहिला. तिलकराव तिला गाडीनं गोंदियाला घेऊन गेले, मीही गेले सोबत. डॉक्टर कागद पाहून चिडले. "साखर इतकी कशी? घरात गोड कोण देते?" तिलकराव म्हणाले, "कोणी नाही साहेब, चहा बी फिका." नखाएवढी चव पाहते इतकंच त्यांना माहीत, वाटीचं नाही. डॉक्टरनं मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. बुढी माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. तीही बोलली नाही.

येताना गाडीत तिलकराव खिडकीपाशी डुलक्या घेत होते. बुढी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "उद्या करशील ना व? तीळ जरा जास्त भाजजो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी इतकं हळू बोलली.

४ ऑक्टोबर

आता मला तिची नस सापडली आहे. रेवडीचा घमघमाट सुटला की बुढी खाटेवर उठून बसते, पदर सावरते. मी परात घेऊन आले की चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडते. मी आज तुकडा हातात धरला आणि म्हटलं, "आधी म्हण, ओमेश्वरीची भाकर पातळ असते."

"असते व, पातळ असते."

"म्हण, ओमेश्वरी घर चांगलं ठेवते."

"ठेवते. दे आता."

"म्हण, माझंच चुकलं, पोटुशी बाईले मी रेवडी नाही दिली."

बुढी माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चुकलं." तोंडातून लाळ आली होती तिच्या. मी दिली. पोटभर दिली. मला बरं वाटलं, लई बरं वाटलं, सणाला नवीन लुगडं नेसल्यावर वाटते तसं.

पण एक समजत नाही. बाकी सगळं म्हणते. वाकवली तशी वाकते. रेवडीचं मात्र म्हणत नाही. "हीच ती काय?" विचारलं की मान हलवते, "अजून नाही. काही तरी कमी आहे. उद्या पाहू."

अंगठ्याच्या बाजूचं बोटही काळं झालं.

२० ऑक्टोबर

भाऊबीज.

दुर्गेश्वरीबाई, माझी मोठी नणंद, तिरोड्याहून आली. चहासोबत खायला काही द्यावं म्हणून मी फळीवरचे रेवडीचे डबे काढले. प्रत्येक खेपेतली थोडी थोडी मी ठेवली होती, काय बदललं ते पाहायला. बाईनं जो डबा हाती लागला तो उघडला आणि तोंडात टाकली. टाकली अन् डोळ्यात पाणी. "वहिनी, ही तं मायच्या हातची! मायनं उठून केली काय व?"

तो पहिल्या दिवशीचा डबा होता. बकरीच्या लेंड्यांचा.

मी दुसरा दिला, तिसरा दिला. ती खात गेली, हसत गेली. "सगळ्या सारख्याच तं आहेत! काय फरक सांगून राहिली तू?" मोहाच्या खुंटीची, दवातली, जास्त भाजलेल्या तिळाची, सगळ्या सारख्या.

बाई भावाला ओवाळायच्या तयारीला लागली तशी मी ओसरीत गेले. "माय, पहिल्याच दिवशी बरोबर झाली होती ना?"

बुढी हसली. दात नसलेलं तोंड उघडून, अगदी मनापासून हसली. "हो तं. माझ्याहून बी चांगली झाली होती."

"मग काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी दिली असती काय तू मले?"

मी खाटेला लाथ मारली. तिचा पाय हलला, ती कळवळली. मारली तेव्हा वाईट वाटलं नाही. आताही वाटून नाही राहिलं. मी चटके खाल्ले, भिंत फोडली, रात्री फुलं दवात ठेवायला उठले, आणि ही बाई मला माकडासारखी नाचवून रोज आपलं पोट भरून घेत होती. आणि शेवटी म्हणाली ते कसं, तर पकडली गेल्यावर!

आजपासून एक कण नाही.

२५ ऑक्टोबर

मंडई. दोन टोपल्या नेल्या होत्या, दंडार सुरू व्हायच्या आधीच संपल्या. म्हातारे बाप्ये सुद्धा लेकरांसारखे धक्काबुक्की करत होते. चुन्नीलालही आला होता, चार तुकडे एकदम तोंडात. "वाह, सावित्रीबाईची रेवडी!" सगळे तेच. सावित्रीबाईची रेवडी, सावित्रीबाईची रेवडी. एकानं विचारलं नाही की ओढली कोणी. मी तळहात पदराखाली घेतले.

घरी आले तर बुढी तापानं फणफणलेली. पाय घोट्यापर्यंत सुजलेला.

६ नोव्हेंबर

पाय कापला. गुडघ्याखालून.

तिलकराव दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. "एवढं पथ्य केलं तरी साखर वाढली कशी व?" मी म्हटलं, "वयच झालं आता." दुर्गेश्वरीबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वहिनी, तू लई केलं मायचं."

१ डिसेंबर

आज घरी आणलं. लॉजचं काम जोरात आहे, प्रेमिला आणि गटातल्या बायका माझ्याच अंगणात रेवडी ओढून राहिल्या, म्हणून खाट आतल्या खोलीत हलवली.

दवाखान्यातून निघताना एक गोष्ट झाली. तिलकराव गाडी पाहायला गेले होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, किडन्याही गेल्या आहेत. आता काही दिवसांचा प्रश्न आहे. पथ्याचा जाच करू नका. मन मागेल ते खाऊ द्या, गोड मागितलं तर गोड द्या." बुढी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. झोपली असेल.

गाडीत तिलकरावांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, "पथ्य अजून कडक करा म्हणाले. गोडाचा वास बी नको."

का म्हटलं ते मलाच लगेच समजलं नाही. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं की परत कसं घ्यायचं? शिवाय तिनं मला इतके दिवस खोटं सांगितलं, मी एकदा सांगितलं.

१० डिसेंबर

गूळ उकळला की आतून आवाज येतो, "ओमेश्वरी, ओ ओमेश्वरी." आता सगळं म्हणते, न विचारता म्हणते. "हीच ती व, हीच ती. सौंदडात तुझ्यासारखी कोणी करत नाही." बायका ऐकून हसतात.

हा शब्द ऐकायला मी किती जळले. आता ऐकला तर काहीच वाटलं नाही. तिला आज शेणाची गोवरी दिली तर तिलाही म्हणेल हीच ती. मी दार ओढून घेतलं. वास काही अडत नाही दारानं, पण मी काय करू?

१९ डिसेंबर

दुपारी प्रेमिला आत गेली होती, बुढीला पाहायला. तिला दया आली आणि तिनं तोंडात एक रेवडी ठेवली. तेवढ्यात तिलकराव मिलमधून जेवायला आले. मायचा गाल फुगलेला पाहून ओरडले, "काय खाऊन राहिली माय? थुंक! थुंक ते!"

बुढीनं मान हलवली. ओठ घट्ट दाबले.

"माय, जीव जाईल तुझा. थुंक."

बुढीनं रेवडी एका गालात सरकवली आणि म्हणाली, आवाज नव्हताच तिच्यात, "डॉक्टर देऊ म्हणाला. मन मागेल ते. मी ऐकलं. हिले विचार."

तिलकरावांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं काय व?"

प्रेमिला पाहून राहिली होती. बुढी पाहून राहिली होती. मला हो म्हणता आलं असतं. हो म्हणायला किती वेळ लागते? पण हो म्हटलं तर मग इतके दिवस काऊन नाही सांगितलं, हे विचारलं असतं सगळ्यांनी. दुर्गेश्वरीबाईच्या कानावर गेलं असतं. मी तिलकरावांकडेच पाहिलं, तिच्याकडे नाही पाहिलं.

म्हटलं, "नाही. माय भ्रमात बोलते."

तिलकरावांनी एका हातानं तिचा जबडा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं. रडत होते आणि घालत होते. "माफ कर माय, माफ कर." बुढीनं हिरड्यांनी बोट दाबून धरलं. तिच्यात तेवढा जोर कुठून आला कोण जाणे. शेवटी निघाली, अर्धी विरघळलेली, तीळ तिच्या हनुवटीला लागलेले. तिलकरावांनी ती खिडकीबाहेर फेकली.

बुढी भिंतीकडे तोंड करून झोपली. मी हनुवटी पुसायला गेले तर तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

२२ डिसेंबर

पहाटे गेली.

३ जानेवारी २०१०

तेरवी झाली. सगळा गाव जेवला. तिरोडा, साकोली, कुठून कुठून पाहुणे आले. पंगतीत सगळ्यांना एकेक रेवडी वाढली, तिलकरावांनीच सांगितलं होतं.

जेवणं झाल्यावर तिलकराव सगळ्यांसमोर उभे राहिले. माणूस कधी चार लोकांत बोलत नाही, आज बोलला. म्हणाला, "मायनं शेवटी लई हट्ट केला. माझं मन कच्चं, मी दिलं असतं. पण हिनं नाही देऊ दिलं. डॉक्टरनं सांगितलं ते शेवटपर्यंत पाळलं. स्वतःच्या अंगणात रेवडी होत होती, तरी मायच्या तोंडात एक कण जाऊ दिला नाही."

बायका "खरं आहे, खरं आहे" म्हणाल्या. कधी कोणाला चांगलं न म्हणणारा यादोराव पाटलांसारखा माणूस म्हणाला, "सून असावी तं अशी." प्रेमिला खाली मान घालून पत्रावळी गोळा करून राहिली होती. दुर्गेश्वरीबाईनं, वयानं माझ्याहून मोठी असून, वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि सगळ्या गावानं ते पाहिलं.

मी तिला उठवलं नाही. जरा वेळ तसंच राहू दिलं. खरं सांगते, बरं वाटलं.